गिरजाबाईचं तेल, रुखमाबाईचं तूप

मार्कंडा, ता. ५ जानेवारी

माह्या तेलाले तूप म्हणाची हिंमत झालीच कशी? अन् तेही रुखमाबाईचं तूप! मोहाच्या टोऱ्या म्या वेचल्या, त्या बिया म्या फोडल्या, घाणीवर तेल काढाले मी ताटकळली. अन् शाळेच्या फळ्यावर नाव तुह्या मायच्या मायचं! तुह्या वर्गातली रिंकू इथी मामाकडं आली होती, तिनं भर अंगणात सांगितलं.

चि. दिव्यानीले आशीर्वाद. फोन करत नाई, कारण तो तिच्या पदराशी राह्यते अन् ती कान देते. म्हणून वाकडंतिकडं लिहून राह्यली.

शिकाले राजुऱ्याले ठेवली तुले, दत्तक नाई देल्ली. महाशिवरात्रीच्या जत्रेले येशील, का तिचंच तूप चाटत बसशील?

माया हाये, ती पातळ ठेवाची का थिजवाची, तुह्या हाती.

तुह्या बापाची माय,
गिरजा

राजुरा, ता. १२ जानेवारी

ती. गिरजाआजीस सा. न. वि. वि.

मी मजेत, तू तापलेली. आधी ऐक. थंडीनं तू दिलेलं तेल बरणीत थिजलं. रुखमाआजीला वाटलं तूप. तिनं पाहुण्यांच्या वरणावर वाढलं. पाहुणे घास तोंडात धरून एकमेकांकडे बघत राहिले. मी हसले, तर मलाच बोलणी.

शाळेत मॅडम स्थायू, द्रव, वायू शिकवत होत्या. थंडीत स्थायू आणि उन्हात द्रव होणारा पदार्थ घरून आणा म्हणाल्या. मी तीच बरणी नेली. ‘आजीचं’ एवढंच सांगितलं. सगळ्यांना माझा डबा आणणारी रुखमाआजीच माहीत, म्हणून फळ्यावर तिचं नाव, तिचं तूप. दुसऱ्या दिवशी मी ते खोडायला लावलं. रिंकू तेव्हा गैरहजर!

मग मिश्रण शिकवलं. दोन पदार्थ एकत्र ठेवले तरी आपापला गुण सोडत नाहीत, वेगळे काढता येतात. मला तुम्ही दोघीच आठवलात.

जत्रेला रुखमाआजी नाही म्हणते. परीक्षेचं नाव सांगते, पण मी दिवसभर ‘गिरजाआजी अशी, गिरजाआजी तशी’ करते ना, तेच तिला सलतं. म्हणते, एकदा गेली की ही पोरगी परत येत नाही.

माया पातळच ठेव. सांडली तरी चालेल.

तुझी दिव्यानी

मार्कंडा, ता. २० जानेवारी

चि. दिव्यानीले आशीर्वाद.

ती माह्यावर जळते? तेवढी ओळ पुन्हा वाचली. जेवण गोड लागलं.

पण मिश्रण-फिश्रण मले सांगू नको. तिच्यासंगं एका बरणीत मी बसाची नाई.

तिले भेव वाटते का तू परत येणार नाई. तुले बसमंधी बसवून आली का मलेही तेच वाटते, पण हे तिले वाचून दाखवू नको. असं कर, तिलेच घेऊन ये. तुले वापस न्याले तीच संगं असली म्हणजे तिचं भेव गेलं. टोरीच्या तेलातले वडे चारीन, म्हणजे तोंडाले कळंल तेल कोणतं अन् तूप कोणतं.

माया अजून थिजली नाई. घाई करा.

या पत्राचं उत्तर तू लिहू नको. रुखमाबाईनं लिहावं, स्वतःच्या हातानं. अन् पहिल्या ओळीत ‘तेल’ लिहावं.

गिरजा