लाटांसाठी घेतलेलं कार्ड

बाबा,

आज जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा म्हणून त्याचं कॅबिनेट उघडून बसले आहे. ग्राफिक्स कार्ड उपसून काढलं, तर खाचेच्या कोपऱ्यात बोटाला अजून तेलकट लागतं. तुमचं ग्रीस. इतकी वर्षं गेली, पण ते सुकलेलं नाही.

हा कॉम्प्युटर मी १९९९ साली शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप करायला घेतला होता. तेव्हा तुम्ही लाँचवर इंजिन सांभाळत होता आणि याच्याकडे तुमचं लक्षही नव्हतं. पुढे सात-आठ वर्षांनी डॉक्टरांनी तुमचं समुद्रावर जाणं बंद केलं, आणि तुम्ही ओटीवर समुद्राकडे पाठ करून बसायला लागलात. जेवायला हाक मारली तरी उठायचा नाहीत. मला ते बघवत नव्हतं. शाळेतल्या एका बाईंच्या घरी मी बोट चालवायचा गेम पाहिला आणि त्याची सीडी मागून आणली, पण आपल्या कॉम्प्युटरवर तो उघडेचना. कुडाळच्या दुकानदाराने सरळ सांगितलं, "मॅडम, यापेक्षा नवीनच घ्या." नवीन घेण्याची माझी ऐपत नव्हती. मग त्याने एक वापरलेलं कार्ड शोधून दिलं, रॅमची एक पट्टी वाढवली, आधीचा पॉवर सप्लाय पुरणार नाही म्हणून तो बदलला. प्रोसेसर जुनाच राहिला. घरी जोडताना तुम्ही चष्मा लावून शेजारी बसलात आणि म्हणालात, "होडी जुनीच, इंजिन तेवढा नवा. चलात."

तरीही बोट अडखळत चालायची. दुकानदाराने फोनवर सांगितलं की चित्रातल्या काही गोष्टी कमी करा, म्हणजे मशीनवर भार येणार नाही. मी एकेक वाचून तुम्हाला विचारत गेले. सावल्या? नकोत. किनाऱ्यावरची घरं, झाडं? तीही नकोत. लाटांपाशी आले तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. "लाटो रवांदेत गो. माका तेच होयेत." अशी आपली बोट ओसाड किनाऱ्यावरून निघाली, सावलीशिवाय, पण भरतीच्या पुऱ्या लाटांवर. रोज दुपारी तुम्ही तिच्यावर असायचात. ह्येंका वारो म्हायत नाय, म्हणून गेम करणाऱ्यांना नावं ठेवायचात. खलाशांची कटकट नाही, डिझेल नाही, असा धंदा आधी कुठे लपला होता, असं मला विचारायचात. जेवायला स्वतःहून येऊ लागलात.

आषाढात मी तीन दिवस प्रशिक्षणाला रत्नागिरीला गेले. जाताना सांगून गेले की विजा होतात, कॉम्प्युटर लावू नका. तुम्ही ते तुमच्या पद्धतीने ऐकलंत. आषाढात लाँच किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी शाकारायची, इंजिनाला ग्रीस फासायचं, ते नारळी पौर्णिमेला पुसायचं, हे तुम्ही जन्मभर केलं होतं. मी परत आले तेव्हा कॅबिनेट गोणपाटात बांधलेलं होतं. आत कार्डाच्या सोनेरी दातांवर, रॅमवर, प्रत्येक खाचेत बोटाने नीट ग्रीस भरलेलं. तुम्ही खुशीत होता. "दोन म्हयने बंद रवतला, तर खारो वारो खातलो तेका," म्हणालात.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. वर्गात बोलते त्या शुद्ध मराठीत मी म्हणाले, "बाबा, जे आपल्याला कळत नाही त्याला हात लावू नये." तुम्ही हाताकडे बघितलंत, तो लुंगीला पुसलात आणि ओटीवर जाऊन बसलात.

मी तिसरीत असताना तुमचा इंजिनाच्या पान्यांचा डबा साबणाच्या पाण्यात घासून काढला होता, आठवतं? कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी स्वच्छतेवर सांगितलं होतं, म्हणून. पाने उन्हात वाळत ठेवले आणि मग विसरले. दोन दिवसांनी तुम्ही समुद्रावरून आलात, तोवर सगळे गंजून तांबडे झाले होते. मी दाराआड उभी होते. तुम्ही एक पाना उचललात, उलटासुलटा केलात आणि हाक मारलीत, "बरा केलंस गो बाय, मळ गेलो सगळो. आता ये, तेल लावया." संध्याकाळभर आपण दोघं एकेक पाना पुसत बसलो होतो. रागाची एक रेघ तुमच्या तोंडावर आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॅबिनेट एसटीने कुडाळला नेलं. दुकानदाराने स्पिरिटने सगळं पुसलं, दात खोडरबरने घासले. अर्ध्या तासात कॉम्प्युटर सुरू झाला. काही बिघडलंच नव्हतं. आणि मी दुकानदाराला म्हणाले, राहू दे इथेच, पौर्णिमेनंतर नेईन. घरी आले. तो जगेल ना, म्हणून तुम्ही विचारलंत, "जगात मां?" मी म्हणाले, "नाय जगणा." तुम्ही मान हलवलीत आणि पुन्हा कधी विचारलं नाहीत.

नारळी पौर्णिमेला चार दिवस असताना तुम्ही गेलात.

कॉम्प्युटर घरी आणला तो दिवाळीनंतर. गेम उघडला तर तुमची बोट धक्क्याला लावलेली, इंजिन बंद. कॉम्प्युटर गोणपाटात बांधण्याआधी तुम्ही तीही सांभाळून ठेवली होती. मी ती हलवली नाही.

हे पत्र घडी करून तुमच्या पान्यांच्या डब्यात ठेवीन, कार्डही तिथेच. पानेही वर्षाला एकदा पुसते मी. एक मात्र सांगायचं राहिलं. कॉम्प्युटर कुडाळला ठेवला तो तुम्हाला समज यावी म्हणून, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. ते खरं नाही. अर्ध्या तासात पुसून निघालेल्या ग्रीससाठी मी तुम्हाला तसं बोलले होते, आणि चालू कॉम्प्युटर घेऊन तुमच्यासमोर यायची मला लाज वाटली.