हातमोज्यातलं बोट

लाडक्या प्राजूला ताईची खूप खूप माया.

मी बरी आहे, दोन्ही वेळ पोटभर जेवते, हे आधी आईला सांग. फोन गोरखदादाकडेच असतो, म्हणून ही चिठ्ठी आपल्या जामसरला निघालेल्या बाईजवळ देते.

कोळंबी सोलताना बोटात काटा रुतला होता ना, ते बोट महिना झाला तरी भरलं नाही. पहिल्यांदा दादानेच दवाखान्यात नेलं. मी पट्टी बांधून घेत होते, डॉक्टरबाईंशी तोच बोलला. मला म्हणाला, "गोळ्या घे न् रबरी हातमोजा घालून काम कर." घातला. आत हात घामाने शिजायचा.

परवा एकटी गेले. डॉक्टरबाई म्हणाल्या, ओल आणि ऊब मिळाली की जंतू एकमेकांना धरून चिकट थर करतात, मग औषध आत पोचत नाही. आपल्या ओहोळातल्या दगडावर बुळबुळ चढते ना, तसं. वर मलाच रागावल्या, "हात कोरडा ठेवा, मोजा नको, काम नको, असं तुमच्या भावाला दोनदा बजावलं होतं!"

सख्ख्या काकाचा मुलगा गं तो. कोळंबीच्या शेडवर सोलायला बाया तोच पुरवतो, मी बसले असते तर एक बाई कमी पडली असती.

आईचा खोकला थांबला का?

उद्या बोटाचं वरचं पेर काढणार आहेत. करंगळीशेजारचं आहे, घाबरू नकोस. भाऊबीजेला मी येईन, दादाही येईल. त्याला काही बोलू नकोस, नेहमीसारखा पाट मांड. टिळा मी ह्याच बोटाने लावणार आहे.

तुझी,
रविनाताई