वारं लय छान सुटलंय

परभणी,
११ नोव्हेंबर १९७९

प्रिय सरजा,

परवा माझा पहिला सराव पाठ झाला. डी.एड.ला आम्हाला खऱ्या वर्गावर शिकवायला पाठवतात आणि आमच्या बाई मागे वही घेऊन बसतात. मला पहिलीचा वर्ग मिळाला होता. पाठ रंगात आला आणि नेमका खडू संपला. मी अगदी गोड आवाजात विचारलं, "ऑफिस कुणाला माहीत आहे?" सगळ्या वर्गाचे हात वर. "मला, मला!" पण जागचं हलेल ते पोर कसलं! मी त्यांची वाट बघतेय, ती माझी बघतायत. शेवटी पुढच्या रांगेतली एक मुलगी काळजीनं म्हणाली, "बाई, तुमाला माहीत न्हाई का?" मला हसू आवरेना. नंतर बाईंनी चांगलंच सुनावलं. मुलांना आडून बोललेलं कळत नाही, काय हवं ते सरळ सांगायचं, म्हणाल्या. मी मान हलवली, पण डोळ्यांपुढं आपण दोघी आलो होतो. चौथीतल्या, पेडगावच्या शाळेत एका तरटावर बसणाऱ्या.

शाळा सुटली की आपण तुझ्याकडं यायचो. तू दप्तर फेकून आत पळायचीस आणि केशरकाकू दारात येऊन मला म्हणायच्या, "बस गं शीले, हितंच ओट्यावर. वारं लय छान सुटलंय." मला ते पटायचं गं. तुमचा ओटा उंच, समोर लिंबाचं झाड, वारा खरंच यायचा. घरी माय विचारायची, "कुटं बसलीस?" मी सांगायची, "ओट्यावर. लय वारं असतंय तितं." माय म्हणायची, "तितंच बसत जा. घरात धूर असतोय." तुला तर वाटायचं, मला ओटाच आवडतो. वर्गात सगळ्यांना सांगितलं होतंस की शीलीला घरात गुदमरतंय! माय तुमच्याच शेतात कापूस वेचायला यायची. काकू आणि ती बांधावर बसून पोरांच्या दुखण्याखुपण्याचं, सासरमाहेरचं कितीतरी बोलायच्या. या एका गोष्टीवर मात्र त्या कधी बोलल्या असतील असं मला वाटत नाही. बोलायची गरजच नव्हती. एकीनं वारा सांगायचा, दुसरीनं धूर, आणि आपण दोन्हीवर विश्वास ठेवायचा.

मग तो संक्रांतीच्या आधीचा एक दिवस. थंडी इतकी की माझे दात वाजत होते. तू आत जाऊन काकूंना म्हणालीस, "आई, आज वारं छान न्हाई. शीली गारठायलीय. तिला आत घेऊ का?" काकू चुलीपुढं होत्या. म्हणाल्या, "आत्ताच भुई सारवलीय. वली हाय. पाय उठत्याल." तू बाहेर आलीस आणि मला म्हणालीस, "वाळली की जाऊ." आणि खुंटीवरचं सूप काढून भुईला वारा घालायला लागलीस. तुझे हात दुखले की सूप मी घ्यायची, उंबऱ्याबाहेर उकिडवी बसून, जिथवर हात पोचेल तिथवर. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो मधेच थांबला. मी तळवा टेकवून बघितला आणि ओरडले, "काकू, वाळली!" काकूंनी मागं वळून बघितलं नाही. आज मला वाटतं, तेवढ्या वेळात त्यांच्या ओठावर आणखी पुष्कळ कारणं येऊन गेली असतील. पण ज्या दोन पोरींनी ओली भुई वाळवली, त्या पुढच्या कारणाचंही काहीतरी करतील, हे त्यांना कळून चुकलं असावं. "मंग ये," त्या म्हणाल्या.

मी आत आले. चुलीजवळ बसले. तुला तुझी जर्मनची ताटली आणि मला पळसाचं पान. वर गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. पान बघून मी अभिमानानं फुगले होते. पाहुण्यांनाच पान मांडतात ना! आणि तू रुसलीस, "मला बी पान पायजे." काकूंनी उठून तुलाही पान आणून दिलं. चुलीच्या उजेडात त्यांचा चेहरा लाल दिसत होता. मला वाटलं, जाळामुळं.

पुढचं तुला माहीत नाही, ते सांगते. मी घरी पळत जाऊन मायला सगळं सांगितलं. सूप, भुई, पान, सगळं. माय जात्यावर दळत होती. ती थांबली. हातातलं धान्य तसंच मुठीत. मला वाटलं, आता शाबासकी मिळेल. ती एवढंच म्हणाली, "उद्या सरजीला आपल्याकडं घिऊन ये. जेवायला." दुसऱ्या दिवशी मायनं हुलग्याचं माडगं केलं होतं, आठवतं? आपण एका ताटात जेवलो आणि तू तिथंच गोधडीवर झोपलीस. दिवस कलला तेव्हा केशरकाकू तुला शोधत आमच्या बौद्धवाड्यात आल्या. आल्या आणि अंगणात थांबल्या. माय दारात गेली. अगदी आदरानं म्हणाली, "बसा की हितंच ओट्यावर. वारं लय छान सुटलंय."

मी मायच्या पदरामागून बघत होते. मला नवल वाटलं, कारण वारा अजिबात नव्हता, आमच्या दारच्या लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मायनं हातानं चौकट धरून ठेवली होती. तिचं कापूस वेचायचं काम त्या एका वाक्यावर जाऊ शकत होतं, हे मला कसं कळणार? मग काकू हळूच म्हणाल्या, "वारं नको धुरपता. आतच येते." आमचं दार ठेंगणं, त्यांना वाकावं लागलं. मायनं तांब्याभर पाणी पुढं केलं. त्यांनी ते घेतलं आणि प्यायल्या. मग तुला झोपेतच खांद्यावर टाकून घेऊन गेल्या.

त्यानंतर तुमच्या घरी मला ताटली मिळाली. मला खरं तर वाईट वाटलं होतं, पाहुणेपण गेलं म्हणून! गावात त्यावरून काय काय बोलणं झालं, काकूंनी घरात काय ऐकून घेतलं, ते मायनं मला यंदा, मी विचारल्यावर सांगितलं. आमच्या वाड्यात दुसऱ्या कुणाच्या घरी काकू गेल्या नाहीत, तेही खरं. पण मायच्या शेजारी बसून त्या बांधावर जेवायला लागल्या. माय अजून म्हणते, "केशरबाईला कमी शब्दांत कळायचं."

मला मात्र उशिरा कळलं. यंदा जूनमध्ये परभणीत खोली शोधत होते. एका घरी सगळं ठरत आलं. मग मालकिणीनं आडनाव विचारलं, मी सांगितलं. ती हसून म्हणाली, "अगं बाई, विसरलेच. आमच्याकडं पाहुणे यायलेत." मी 'बरं' म्हणून निघाले. जिना उतरताना अर्ध्यावर पाय थांबले. तुमचा ओटा, मायचा धूर, ती ओली भुई, हिरवं पान, एकामागून एक सगळ्याचा अर्थ लागत गेला. मी तिथंच पायरीवर बसले. सरजे, आपण यावर कधीच बोललो नाही. तुला कधी कळलं गं? की अजून नाही?

हे सगळं आज लिहायचं कारण, तुझं कार्ड. सातवा महिना लागला, पंचवीस तारखेला पालमला सासरी डोहाळजेवण आहे, आणि खाली एक ओळ, 'जमलं तर ये.' आठ दिवस झाले, मी ती ओळ वाचतेय. परीक्षा असेल, एस.टी.चा त्रास नको, म्हणून माझ्या काळजीनं लिहिलंस? की तुझ्या सासूबाईंना माझं आडनाव कळलंय? की उघडं कार्ड घरातले सगळे वाचतात, म्हणून याहून जास्त लिहिता आलं नाही? पूर्वी मी अशी ओळ वाचून सरळ पिशवी भरली असती. आता मोठी झालेय, एका ओळीचे तीन अर्थ काढते आणि तिन्ही अर्थांनी झोप उडते. तुझ्या बाबतीत मला हे शहाणपण नकोय. म्हणून ठरवलं, तू लिहिलंस तेवढंच खरं धरायचं. मला जमतंय. पंचवीसला सकाळच्या गाडीनं येतेय. मी येऊ नये असं तुला वाटत असेल, तर तसंच लिही, 'येऊ नको'. मी रडेन, पण तुझ्यावर रुसणार नाही. तुझ्या तोंडचं सरळ बोलणं मी कसलंही सोसेन. फक्त तुझ्या मनातलं मला अंदाजानं ओळखायला लावू नकोस.

अजूनही तुझीच,
पंचशीला