मंजूर

अण्णा, परवा आत्या सोयगावहून डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आली. संध्याकाळी मी कुत्रीपुढे दूधभाकरीची थाळी ठेवली आणि "मंजूर" म्हणाले, तेव्हा कुठे ती जेवायला लागली. आत्याच्या हातातला चहा तसाच राहिला. "काय म्हन्लीस गं तिला?" मी सांगितलं, अण्णांची शिकवण आहे, मंजूर म्हटल्याशिवाय खायचं नाही. मला वाटलं, ती हसेल.

ही कुत्री मला शेंद्र्याच्या रस्त्यावर सापडली. थोडी कारवानी, शिकारी जातीची, बाकी गावठी. अगदी माझ्या लहानपणी आपल्याकडे होता त्या तांबड्यासारखी, म्हणूनच उचलून आणली. लांब पाय, पातळ कातडी, थंडीत अंगावर पोतं घालावं लागतं. सकाळ-संध्याकाळ पळवून आणली नाही तर चपला कुरतडते. जरा आवाज चढवला की दिवसभर पलंगाखाली रुसून बसते. हे सगळं मला तांबड्यामुळे ठाऊक होतं आणि त्याचं सगळं तुम्ही शिकवलेलं. कुणी विष घालू नये म्हणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसवून महिनाभर तुम्ही त्याच्याकडून हा एक शब्द घटवून घेतलात. तहसील कचेरीतला कारकून कुत्र्यालाही अर्जाचा निकाल देतो, असं आई म्हणायची. तो शब्द घराबाहेर सांगायचा नाही, अशी शपथ घातली होती तुम्ही मला.

मग एका दुपारी मी शाळेतून आले तर तांबड्या नव्हता. "फाटक उघडं टाकून गेलीस, गेला तो," एवढंच म्हणालात. आठवडाभर सायकलवरून मी सिडकोतल्या गल्ल्या पालथ्या घातल्या आणि तुम्ही पेपरआडून बघत राहिलात. अजून घराबाहेर पडताना मी कडी तीनदा ओढून बघते. नवरा चिडवतो.

आत्या म्हणाली, "तांबडं तर आमच्याकडं हुतं की! तुझ्या बापानंच आणून सोडलं, घरमालक लई कटकट करतो म्हनून. भाकर टाकली की नुसतं बघत बसायचं, लाळ गळायची, पर तोंड लावायचं नाय. आमाला वाटलं, आजारी हाय. फोन केला तर म्हनला, भूक लागल्यावर खाईल. सातव्या दिशी गेलं बिचारं. ह्या शब्दाचं आमाला कुनी बोललंच नाय गं."

घरमालकाचं मी समजून घेतलं असतं, अण्णा. रडले असते, पण समजून घेतलं असतं. फोन आला तेव्हा एक शब्द सांगायला तुमचं काय जात होतं? विसरलात म्हणावं, तर तुम्ही विसरणारे नव्हता. की बहिणीसमोर लाज वाटली? तुम्ही मला फसवलंत. आणि तो तुमच्या हुकमाची वाट बघत बसला, याचा राग तर मला आवरतच नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, कपाटातच राहील. दहाव्याला पैठणच्या घाटावर तुमच्या पिंडाला कावळा शिवेना. आत्यानं हात जोडले, काकांनी नाही नाही ती वचनं दिली, ऊन चढलं. शेवटी मी कुणाला ऐकू जाणार नाही असं "मंजूर" म्हणाले आणि कावळा उतरला. परवा जे कळलं ते तेव्हा माहीत असतं तर म्हणाले नसते, असं इथं आधी लिहिलं होतं. ते खोडलं. म्हणाले असते. अन्न पुढ्यात असताना कुणी उपाशी बसलेलं मला बघवत नाही.