तांबूला हात लावणे

कार्तिक व. ९
जावयाने पट्टीश्वरमहून पिल्लू आणून दिले. तांबडे, कान पडलेले. नाव तांबू ठेवले. खंडोबाचे घर, कुत्र्यावाचून बरे दिसत नाही, हे खरे. पण चावले तर? या वयात जखम भरत नाही. परसात सोडले.

का. व. ११
सकाळी सोवळे, कोणी शिवत नाही. दुपारी कोणाला सवड नाही. मीच काठीने भाताचा द्रोण पुढे सरकवतो. काठीला ओळखतो. हात दिसला की लाकडांच्या ढिगामागे.

का. व. १३
कुंभकोणात दवंडी. गळ्यात पट्टा नसेल ते कुत्रे सरकारचे लोक धरून नेणार, मारणार. परसाची भिंत पडकी. हा बाहेर जातोच. पट्टा आणविला. घालणार कोण?
दूधवाल्या कोनाराने दारातून विचारले, "सामी, नाय् कडिक्कुमा?" चावत नाही म्हटले. खात्री मला तरी कुठे. त्याने हात पुढे केला, तांबू दात विचकून गुरगुरला. कोनार हसत सुटला. ब्राह्मणाचे कुत्रे, शिवू देत नाही, म्हणाला.

अमावास्या
सूनबाई म्हणाली, "मामंजी, तुम्ही त्याला काठीने वाढता. हात म्हणजे काय हे त्याला कळावे कसे?"
राग आला. रात्री जेवण गेले नाही. तिचे खरे आहे.

मार्ग. शु. १
सर्वांची जेवणे झाल्यावर तळहातावर भात घेऊन बसलो. आला नाही. मुंग्या आल्या. शिवला नाही तरी आंघोळ केली. संशय नको.

शु. २
हातावरचे खाल्ले. जीभ गरम, मऊ. पुन्हा आंघोळ. पाऊस, गारठा.
सूनबाई: "खोकला ओढवून घ्याल. कुत्रे तरी ठेवा, नाहीतर सोवळे तरी." थट्टा असावी.

शु. ४
आंघोळ केली नाही. हातपाय धुतले, देवाचे नाव घेतले. आधी कपाळ, मग कानामागे. कोनाराच्या हातावरही भात ठेवला. तांबू पोट जमिनीला घासत गेला, पण गेला. मानेला मात्र कोणाचा हात नको. गर्रकन वळला, मला दात लागला. रक्त नाही. हात दिव्यापाशी नेऊन पुन्हा पाहिले. नाही. तरी हळद लावली.

शु. ५
सरकारचे लोक पलीकडच्या गल्लीत. कोनार सांगून गेला. कुत्र्यांचे ओरडणे येथवर येते. तांबूला घेऊन ओट्यावर बसलो आहे. पट्टा मानेभोवती गेला, बक्कल अजून लागले नाही. डावा हात त्याच्या मानेवर ठेवला आहे. गुरगुरतो, पण हलत नाही. हात काढला तर पुन्हा ठेवू देईल का, कोण जाणे. म्हणून उजव्याने लिहीत—
सूनबाई दारात. "मामंजी, लेखणी ठेवा. बक्कल दोन हातांनी लागते."
ठेवतो.