पाटावरची रॅकेट

१३ सप्टेंबर, शनि.
पालकसभेत डोकं तापलं ते अजून उतरलेलं नाही, म्हणून लिहायला बसलेय. जुईच्या शाळेचे बॅडमिंटनचे कोच राणे सर. म्हणे, "जुई चांगली आहे हो, पण एक्स्पोजर नाही. खारघरला पाठवा, मग बघू." खारघरला म्हणजे त्यांच्या स्वतःच्या अकॅडमीत. बोर्डावर बायकोचं नाव, कोर्टवर हे. शाळेच्या संघात पाच मुली, आणि गेल्या वर्षीच्या पाचही अकॅडमीतल्या. विचारलं तर म्हणाले, योगायोग.

जुई आठवीत. चौदाखालच्या गटात हे शेवटचं वर्ष. एकदा जिल्ह्याला खेळायचंय, एवढंच मागणं आहे पोरीचं. गेल्या आठवड्यात तिने शाळेतल्याच अन्वीला सरळ दोन गेममध्ये हरवलं. अन्वी अकॅडमीत, म्हणून तिचं नाव पक्कं. हिचं "बघू".

नितीन म्हणतो, लावून टाक ना क्लास, सगळेच लावतात. भांडण म्हटलं की आमचा नवरा आधी काढता पाय घेतो.

१६ सप्टें., मंगळ.
पितृपक्षात जुईची चंगळ. ओवे गावातल्या म्हात्रेकाकांचा लग्नाचा हॉल या दिवसांत रिकामा, म्हणून रोज संध्याकाळी खेळायला मिळतं. खांबांना जाळी बांधायची, फरशीवर काकांनीच रंगाने मारलेल्या रेषा. काका, त्यांची सून, गावातली दोन-चार पोरं आणि जुई. एकच अडचण, मधोमध टांगलेलं भलंमोठं झुंबर. काकांनी पहिल्याच दिवशी दम दिला होता, "ताई, झुंबर फुटला तं नवा झुंबर तुमचे नावावर." तेव्हापासून जुई शटलचं फूल उंच मारतच नाही. सगळं जाळीला घासून, सपाट आणि जोरात.

मेडिकलच्या दुकानातून कामावरून येताना मीही अर्धा तास बसते. मंडईतल्या मैत्रिणीला सांगितलं तर हसली, म्हणाली पोरगी लग्नाच्या हॉलमध्ये तयार होतेय.

१९ सप्टें., शुक्र.
अन्वीच्या आईचा फोन. माझ्याकडे तिचं नाव सेव्ह आहे तेच "अन्वी मम्मी". स्वभावाने चांगली आहे, पण बोलते राणे सरांच्या तोंडाने. "अगं, हट्ट कशाला? नुकसान तुझ्या मुलीचं. आम्हीसुद्धा तेच केलं ना." पुढे हळूच म्हणाली की अन्वीला पहाटे उठवताना रोज रडारड होते. मग कशाला पाठवतेस, असं विचारणार होते. नाही विचारलं.

फोन ठेवल्यावर तासभर स्वतःशीच बोलत होते. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. दुसरं काय.

२१ सप्टें., रवि.
गेलो एकदाचे खारघरला. काचेचं दार, एसी, काउंटरवर राणे सरांच्या बाई. गोड बोलतात. टी-शर्ट त्यांचाच, बूट त्यांच्याच दुकानातले, रॅकेटसुद्धा त्यांचीच, तारांवर अकॅडमीचा पिवळा ठसा मारलेली. सगळं सक्तीचं. जुई माझी ओढणी धरून उभी. तेरा वर्षांची घोडी, पण ओढणी धरली होती.

बाहेर आल्यावर म्हणाली, "आई, मी संघात आले तर माझ्यामुळे येणार की फीमुळे?" मी तिला पाणीपुरी खायला घातली.

तरी ठरवलंय. दसऱ्याला मुहूर्त चांगला, त्या दिवशी नाव घालू. पितृपक्षात काही सुरू करायचं नाही हा आयता बहाणा होता, तो आज संपला. नितीन एकदम खुश. मी हरले असं वाटतंय आणि ते वाटणं जात नाहीये.

२५ सप्टें., गुरु.
हॉलवर गरबा, त्यामुळे जुईचा खेळ बंद. घरात पंख्याखाली उभी राहून नुसता हात फिरवते. पंखा बंद करून.

१ ऑक्टोबर, बुध. खंडेनवमी.
आज जे झालं ते धड लिहून ठेवते.

सकाळी पाट मांडला. दुकानातली गोळ्यांच्या पट्ट्या कापायची कात्री, नि.चा लॅपटॉप, माझी स्कूटर दारात, आणि जुईच्या दोन्ही रॅकेटी. झेंडू, हळदकुंकू. बाबा तळोज्याला लेथवर होते. त्यांचा नियम असा की हत्यार पाटावर बसलं की दसऱ्याच्या पूजेपर्यंत त्याला सुट्टी. मी एरवी एक उपास धड करत नाही, पण हे मात्र अंगात मुरलंय.

अकराला शाळेच्या ग्रुपवर मेसेज. आज तीनला बॅडमिंटनची ट्रायल. तालुक्याकडून शेख मॅडम निवडीला येणार, त्यांना आजचाच दिवस मोकळा. गेल्या वर्षी कुणीतरी तक्रार केली म्हणून या वेळी बाहेरचं माणूस.

जुई पाटाकडे धावली. आणि माझ्या तोंडून निघालं, "उचलायची नाही."

ती बघतच राहिली. मीसुद्धा. मुलीची वर्षभराची धडपड, आणि मी झेंडूची राखण करत उभी. ती रॅकेटशिवाय, नुसतं दप्तर घेऊन गेली. तिचे ते रिकामे हात फार लागले. दुकानात एका आजोबांना खोकल्याऐवजी तापाचं औषध काढून दिलं, नशीब त्यांनीच ओळखलं. दोनला वाटलं, जावं घरी, उचलावी रॅकेट, बाबांना वर गेल्यावर काय ते उत्तर देईन. तेवढ्यात दुकानात गर्दी झाली.

साडेपाचला पोरगी आली ती हसतच. निवड झाली. पहिल्या नंबरने.

रॅकेट कुठली? अन्वीने तिची जादाची दिली. पिवळ्या ठशाची. राणे सर शेख मॅडमना आधीच म्हणाले होते, "पिवळ्या ठशाच्या मुली माझ्या, त्या बघितल्यात तरी पुरे, बाकीच्या नावाला आहेत." अन्वी तिथेच उभी होती, तिने सगळं ऐकलं. मॅडमनी पिवळा ठसा बघितला आणि जुईला नीट खेळवलं. मग प्रिन्सिपल सरांसमोर म्हणाल्या, "राणे, ही तुमची मुलगी पहिली. इतकं सपाट खेळायला कोणी शिकवलं हिला?"

आता सर काय बोलणार? ही माझी नाही म्हणावं, तर मग बाकीच्या कशा तुमच्या, हा प्रश्न आला. म्हणाले, "मीच."

झुंबराने शिकवलं हो! नि. आणि मी इतके हसलो की शेजारच्या काकू डोकावल्या. सुंठीवाचून खोकला गेला. कितीतरी दिवसांनी छातीवरचा दगड उतरलाय.

२ ऑक्टो., गुरु. दसरा.
पूजा करून रॅकेट उचलली. आपट्याचं पान बाबांच्या फोटोला. खारघरचा मुहूर्त गेला उडत, श्रीखंड खाल्लं आणि झोपले. दुपारी झोपायची चैन किती दिवसांनी.

संध्याकाळी एक गोष्ट कळली तेव्हा तोंडातलं श्रीखंड आंबट झालं. पाचात जुई आली म्हणजे एक जण बाहेर गेली. गेली ती अन्वी. जिने रॅकेट दिली तीच.

५ ऑक्टो., रवि.
खारघरच्या सिग्नलला फ्लेक्स. "आमच्या यशस्वी खेळाडू", पाच फोटो, पहिला जुईचा. शाळेच्या ओळखपत्रावरचा, दोन वेण्यांचा. न विचारता! नि. म्हणाला, फुकटात फोटो लागला, लागू दे. मी स्कूटर थांबवून त्या फ्लेक्सकडे बघत उभी राहिले, मागून रिक्षावाल्यांचे हॉर्न.

म्हात्रेकाकांना कोणीतरी फोटो पाठवला. त्यांचा फोन, "पोर खेलली आमचे हालान, आन् फोटू त्याचे बोर्डावर? आमी दुप्पट मोठा लावतो, ताई. गावचे नाक्यावर." कसंबसं आवरलं त्यांना. त्या फ्लेक्सवर काकांचा स्वतःचाच फोटो सर्वांत मोठा असता, गॉगलसकट.

७ ऑक्टो., मंगळ.
राणे सरांनी खेळाच्या खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं. आवाज मऊ. म्हणे सगळ्यांना कळलंय की जुई अकॅडमीची, तर आता नाव घालून टाका, माझ्याही अब्रूचा प्रश्न आहे. नावं दिवाळीआधी पाठवायचीत, तोपर्यंत काहीही होऊ शकतं.

मी म्हटलं, "सर, तुम्ही सगळ्यांसमोर तिला तुमची म्हणालात. आता काढलीत तर कारण काय सांगाल?"

सर टेबलावरची फुलं डब्यात भरत म्हणाले, "शाळा मला काय देते, माहीत आहे का तुम्हाला? घर अकॅडमीवर चालतं माझं." खोटं नव्हतं ते. क्षणभर वाईट वाटलं माणसाचं. पण त्यांचं घर माझ्या मुलीच्या पाठीवर चालायला नको. फ्लेक्स उतरवा एवढं सांगून निघाले. जिन्यावर आल्यावर हसू आलं.

झाकली मूठ त्यांचीही आणि आमचीही. जिल्ह्याला जायचं, खेळायचं, विषय संपला. असं वाटलं होतं.

८ ऑक्टो., बुध.
जुई जेवत नाही. वरणभात चिवडत बसली होती. खूप खोदून विचारल्यावर बोलली. "मॅडमनी मला बघितलं की पिवळा ठसा बघितला?"

मी म्हटलं, अगं, खेळलीस तर तूच ना. ती म्हणाली, "बाकीच्याही खेळल्या. त्यांच्याकडे बघितलंच नाही. मला ठसा मिळाला म्हणून बघितलं."

फी भरून जो प्रश्न पडणार होता, तो फी न भरताच पडला. मला राग आला, तिचाच. मिळालंय ते घे ना गुपचूप! तोंडावर आलं होतं, पाण्याबरोबर गिळलं.

१० ऑक्टो., शुक्र.
केलं पोरीने. मला न विचारता.

शेख मॅडम संघाचा सराव बघायला शाळेत आल्या होत्या. जुईने जाऊन सांगितलं की मी अकॅडमीत नाही, रॅकेट अन्वीची होती, मी ओव्याला हॉलमध्ये खेळते. राणे सर दोन हातांवर. मॅडमनी सरांकडे बघितलंसुद्धा नाही म्हणे. प्रिन्सिपल सरांच्या केबिनमध्ये गेल्या, बाहेर आल्या, आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी परत ट्रायल. ज्यांना खेळायचंय त्या सगळ्या मुली. रॅकेटी मी आणीन, सगळ्यांना सारख्या. घरून कुणी काही आणायचं नाही."

मिळालेली जागा पोरीने स्वतः टेबलावर परत ठेवली. नि. म्हणाला, "आईवर गेलीय." हे कौतुक की टोमणा, कळलं नाही. आणि ती? दोन वाट्या आमटी ओरपून, ताट चाटून उठली. तिच्याकडे बघून माझाही जीव भांड्यात पडला. कसं सांगू, पण पडला.

११ ऑक्टो., शनि.
शाळेच्या गेटसमोर, रसाच्या गाड्याजवळच्या बाकावर. वही पर्समध्ये होती म्हणून लिहितेय.

आज पाटावर काही नाही, तरी जुई रिकाम्याच हाताने आत गेली. तिच्यासारख्याच बाकीच्या. मोजल्या नाहीत, पण गेल्या वेळेपेक्षा खूप जास्त आहेत. काही तर मी कधी पाहिल्याही नव्हत्या. राणे सर गेटपाशी उभे, मला नमस्कार केला. मीही केला. पुढच्या वर्षी मोठ्या गटाची निवड यांच्याच हातात असणार, तेव्हाचं तेव्हा.

अन्वी जांभया देत आली. बरोबर तिची आई. दसऱ्यापासून आमचं बोलणं नव्हतं. समोर दुसरा बाक रिकामा होता, तरी ती माझ्या शेजारी येऊन बसली. दोन ग्लास रस सांगितला, आलं घालून. म्हणाली, संघातून गेल्यापासून अन्वी सातपर्यंत झोपते, घरात रडारड नाही, काय शांतता आहे गं. आज मात्र स्वतःहून उठली. का, ते सांगत नाही.

मग ग्लास हातात तसाच धरून म्हणाली, "तुझी आली तर माझी जाईल, नाही का?"

"किंवा उलटं," मी म्हटलं.

"हो. किंवा उलटं."

दोघीही हसलो. थोडंसंच.

आत सुरू झालंय. हॉलच्या खिडक्या उंच आहेत, दिसत काही नाही. फुलाचा टप टप आवाज तेवढा येतोय. आम्ही दोघी कान लावून बसलोय, पण रॅकेटी सारख्या, कुठला फटका तिच्या मुलीचा आणि कुठला माझ्या, इथून काही ओळखू येत नाही.