टाळीबरोबर चालणारा कॉम्प्युटर

अप्पा, तुमचा कॉम्प्युटर अजून चालतो. सोलापूरहून जळकोटपर्यंत एसटीत तुम्ही तो मांडीवर घेऊन आला होतात आणि कंडक्टरने त्याचंही अर्धं तिकीट फाडलं होतं, तोच. "पोरीच्या शिक्षणाला घेतलाय" असं गावभर सांगितलंत आणि मला मात्र कितीतरी दिवस त्याला हात लावू दिला नाहीत. आईने शिवलेलं फुलाफुलांचं झाकण काढायचं, स्क्रीनवर फुंकर मारायची आणि परत झाकायचं, एवढाच तुमचा त्याच्याशी व्यवहार. तुम्ही गेल्यावर या घरात लॅपटॉप आले आणि बिघडून गेलेही, पण हा दणकट निघाला. फक्त म्हातारा झालाय आणि प्रत्येक गोष्टीला "थांब जरा" म्हणतो.

यंदा त्याची गरज पडली ती तुमच्या गाण्यामुळे. तुमच्या गायन पार्टीचं ते जयंतीचं गाणं, ज्याला सगळा मांडव टाळ्या धरायचा, ते आता फक्त आत्याला पूर्ण येतं. तिचा आवाज अजून खणखणीत आहे, पण दम कमी पडायला लागलाय. "म्या हाय तवर टेप करून घी बाई," असं तीच म्हणाली. तुमच्या पेटीचा भाता केव्हाच फाटला, म्हणून मी कॉम्प्युटरला जोडायचा छोटा कीबोर्ड आणला. त्याच्या पेटीसारख्या पट्ट्या दाबल्या की कॉम्प्युटर पेटीचा आवाज काढतो. कोरसला काकू आणि शेजारच्या दोघी बसल्या.

आणि पहिल्याच दिवशी आमची फजिती झाली. मी पट्टी दाबली की आवाज क्षणभराने यायचा. तुम्ही कोरसला शिकवून ठेवलंय, पेटी सांगेल तसं चालायचं. बायका इमानदारीत आवाजासाठी थांबायच्या, त्या थांबल्या की मी हात आवरायचे, मग आवाज आणखी मागे. दुसऱ्या कडव्यापर्यंत गाणं बैलगाडीच्या चालीला आलं. आत्याने गाणं मधेच सोडलं. "हे जयंतीचं गाणं हाय का अंगाई? माझा तर डोळा लागाय लागलाय." सगळ्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसले, पण आतून धसका बसला होता. या चालीत गाणं टेप झालं असतं तर पुढच्या पोरींना तेच खरं वाटलं असतं.

मला तेव्हा विहारातला ओटा आठवला. मी कोरसमध्ये बसलेय, पायाला मुंग्या आल्यात, लक्ष बाहेरच्या पोरांकडे आहे. तुम्ही पेटी थांबवता. "टाळी कुणाची मागं राह्यली?" सगळे माझ्याकडे बघतात. "गाणं तुझ्यासाठी थांबंल व्हय?" मला रडू येतं, तुम्ही पेटीवरचा हात उचलून माझा तळवा धरता आणि ठेका त्यावर वाजवून दाखवता. तुम्ही रागावलात ते थोडंसंच लक्षात राहिलं, तळव्यावरचा ठेका मात्र पक्का बसला.

म्हणून मी कॉम्प्युटरलाच विचारायचं ठरवलं, टाळी कुणाची मागं राहिली. दोष म्हातारपणाचा नव्हता, त्याच्या डोक्यावरच्या ओझ्याचा होता. जुनी सिस्टीम काढून हलकी टाकावी लागणार होती. लिनक्स नावाच्या सिस्टीमचे फुकट मिळणारे कितीतरी प्रकार आहेत, पण बरेचसे इतक्या जुन्या यंत्राला दारातही उभं करत नाहीत. एक घेतलं ते नवरीसारखं नटलेलं, ते सुरू होईपर्यंत माझा चहा करून पिऊन झाला. दुसरं इतकं हलकं की चटकन उघडलं, पण आत काहीच नव्हतं, आवाजसुद्धा हुकूम लिहून मागवावा लागायचा. तिसरं संगीतवाल्यांनीच बनवलेलं. दिसायला अगदी साधं, पण आवाजाचं काम आलं की बाकीच्या सगळ्या कामांना बाजूला सारून त्याला आधी वाट देतं. त्यात आवाजाचा उशीर कमी-जास्त करायची सोय आहे. उशीर फार कमी केला तर कडकड होते, फार ठेवला तर अंगाई. ढोलकीची दोरी ओढावी तशी मी थोडी थोडी ओढत गेले आणि एका जागी पट्टी आणि आवाज एकदम आले. मी एकटीच होते, अप्पा, तरी खुर्चीत बसल्या बसल्या टाळी वाजवली.

रविवारी गाणं कॉम्प्युटरमध्ये भरलं. आत्याने पहिला सूर लावला, काकूने टाळी धरली आणि कुणाला कुणासाठी थांबावं लागलं नाही. तीच चाल, तोच वेग. आत्या डोळे मिटून गात होती, गाणं संपल्यावर म्हणाली, "आता दादाच वाजवित व्हता बग." एवढा आनंद मला पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

हे पत्र कुठे पाठवणार? कॉम्प्युटरमध्ये गाण्याच्या शेजारी ठेवून देते. पण एक सांगायचं राहिलं. शेवटच्या कडव्याला वेग जरासा वाढलाय. त्यात कॉम्प्युटरचा काही दोष नाही. मला राहवलं नाही, मीच पुढे पळाले आणि त्या सगळ्या माझ्यामागे आल्या. परत भरायला वेळ होता, आत्याही तयार होती. मी नको म्हटलं.